शब्दवेध : धन्य

वारकरी कीर्तनात ‘धन्य’ हा शब्द सहज येतो. चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचतानाही तोच कानी पडतो. त्याचं मूळ ‘धन’. पाणिनीच्या व्याकरणात धन्य म्हणजे धन मिळवणारा. ‘धनी’ही याच कुळातला, पण तो मालकीपाशी थांबला. ‘धन्य’ पुढं गेला, कृतार्थ झाला. मराठी बायबलनं तो ग्रीक ‘मकारिओस’साठी घेतला आणि दीनांना, शोकाकुलांना, शांती घडवणाऱ्यांना दिला. लूकचं शुभवर्तमान तर थेट गरिबांनाच धन्य म्हणतं, श्रीमंतांना इशारा देतं. ज्यांच्यापाशी धन नाही तेच धन्य, ही या शब्दाची सर्वांत मोठी झेप. सातबाऱ्यावरून माणूस जोखणाऱ्यांनी ती विसरू नये.