एकाधिकाराचा कापूस

1972 साली सरकारनं महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापारी काट्यात मारतो, भाव पाडतो, म्हणून त्याला बाजूला सारलं. ते खोटं नव्हतं. पण आता गिऱ्हाईक एकच उरलं, सरकार.

बाबासंगं मी संकलन केंद्रावर बंडी घेऊन जायचो. रांगेत दोन-दोन रात्री निघायच्या, बैलांचा कडबा घरूनच न्यायचा. ग्रेडरनं मूठभर कापूस चिवडून सांगितली ती प्रत. भांडायचं कोणाशी? चुकारा हप्त्याहप्त्यानं, त्यातून भांडवल निधीची कपात वेगळी. सावकार मात्र हप्त्यावर थांबत नव्हता.

पैनगंगेपल्याड आंध्रात भाव चढला की इकडच्या बंड्या रात्री नदीत उतरत. कापूस आपल्याच रानातला, अन् नेायचा चोरासारखा! शरद जोशींनी नेमकं इथंच बोट ठेवलं. ते म्हणत, सूट-सबसिडी नको, बाजार मोकळा करा. शिकलेल्या पुढाऱ्यांना ते पटायला फार वर्षं लागली. आमच्या बाबाला एका सभेत पटलं.

2002 नंतर व्यापारी परत आला. तो काही साधू नव्हता. पण भाव पटला नाही तर मी बंडी वळवून दुसऱ्या जिनात न्यायचो.