परवाना परीक्षेची सुरक्षा : लखोट्यापासून वेबकॅमपर्यंत

मी दिल्लीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आठवडाभर आमच्या संगणक प्रयोगशाळेत मुले प्रोग्रॅम लिहितात आणि सुट्टीच्या दिवशी त्याच खोलीचे परीक्षा केंद्र होते. अशाच एका रविवारी एका मुलीचे बोट यंत्र ओळखेना. नुकतेच लग्न झालेले, हातावर गडद मेहंदी. हॉल तिकीट खरे, फोटोही जुळत होता, पण यंत्र नाही म्हणत होते. दार बंद व्हायला सात मिनिटे उरली होती. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी ही यंत्रे, ही दारे आणि हे नियम कसे आले, ते या पाठात पाहू.

१. परवाना आणि परीक्षा

प्रवेश परीक्षेत चूक झाली तर एका जागेवर चुकीचा विद्यार्थी बसतो. परवाना परीक्षेत चूक झाली तर त्याची किंमत रुग्ण, अशील किंवा गुंतवणूकदार मोजतो. म्हणूनच समाजाने हे परवाने हळूहळू कायद्याच्या कक्षेत आणले. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१२ साली वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. १९१८ मध्ये मुंबईतच हिशेबतपासनिसांसाठी शासकीय पदविका सुरू झाली. उमेदवाराने अनुभवी लेखापालाच्या हाताखाली काम करायचे आणि परीक्षाही द्यायची, अशी ती पद्धत होती. पुढे १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्सची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय दिल्लीत आहे.

उमेदवारी असते तेव्हा गुरू शिष्याला ओळखत असतो. देशभरच्या परीक्षेत तपासणारा उमेदवाराला कधीच पाहत नाही. सुरक्षेचा प्रश्न इथून सुरू होतो.

२. विश्वासाच्या चार जागा

कोणत्याही परीक्षेत आपण चार गोष्टींवर विश्वास ठेवतो : बसलेला माणूस तोच आहे, प्रश्नपत्रिका आधी फुटलेली नाही, खोलीत बाहेरची मदत नाही आणि निकालाची नोंद खरी आहे.

हे जुन्या लोकांनाही कळत होते. चीनमध्ये राजसेवेच्या परीक्षेला उमेदवार एकेकट्याच्या कोठडीत बसत. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले जाई. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कारकून ती लाल शाईने पुन्हा लिहून काढत, आणि परीक्षक ती नक्कल तपासत. पण मग त्या कारकुनावर विश्वास ठेवावा लागे. एका जागी कुलूप लावले की विश्वास दुसऱ्या जागी सरकतो. तो नाहीसा होत नाही. पुढची प्रत्येक पायरी या सूत्राने वाचा.

३. दिल्लीतल्या तीन परीक्षा

पहिली परीक्षा डॉक्टरांची. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या भारतीयांसाठी चाळणी परीक्षा २००२ साली सुरू झाली. ती दिल्लीतील राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण, भाषा फक्त इंग्रजी.

दुसरी वकिलांची. भारतीय विधिज्ञ परिषदेने ६ मार्च २०११ रोजी पहिली अखिल भारतीय परीक्षा घेतली. ती मराठीतूनही देता येते. सुरुवातीला या परीक्षेत पुस्तके नेण्याची मुभा होती. कोर्टात वकील पुस्तक उघडतोच, मग परीक्षेत का नको, असा त्यामागचा विचार. सुरक्षेच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. जी गोष्ट नेण्याची परवानगीच आहे, ती कोणी चोरून नेत नाही. २०२१ मध्ये ही मुभा काढून घेतली गेली. टिपा नसलेली कायद्याची मूळ संहिता तेवढी चालू राहिली. साहजिकच पुस्तकाचे प्रत्येक पान चाळून पाहण्याचे काम पर्यवेक्षकावर आले. प्रश्न कसे विचारायचे हे ठरवतानाच निम्मी सुरक्षा ठरते, हे यातून शिकण्यासारखे आहे. ही परीक्षा घ्यावी की नाही हा वादही मोठा होता. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने परिषदेचा हा अधिकार मान्य केला.

तिसरी दिवाळखोरी व्यावसायिकांची. ३१ डिसेंबर २०१६ पासून ती संगणकावर घेतली जाते. कागदी परीक्षेत हजारो लखोट्यांतून एकच प्रश्नपत्रिका फिरते आणि एक लखोटा फुटला की सगळे संपते. संगणकावर प्रश्नसंचातून वेगवेगळ्या उमेदवारांना वेगवेगळे प्रश्न देता येतात. लखोट्याची भीती जाते, पण प्रश्नसंच, सर्व्हर आणि तो सांभाळणारा कंत्राटदार यांच्यावरची भिस्त वाढते.

४. खोली घरात येते

२०२० च्या टाळेबंदीत केंद्रे बंद पडली. दिल्लीतील कंपनी सचिवांच्या संस्थेने २९ ऑगस्ट २०२० रोजी आपली प्रवेश चाचणी दूरस्थ पर्यवेक्षणाखाली घेतली. ही परवान्याची अंतिम परीक्षा नव्हे, त्या वाटेवरचे पहिले दार आहे. तरीही बदल मोठा होता, कारण उमेदवार आपापल्या घरी बसला होता.

अशा परीक्षेची रचना साधारण अशी असते. एक खास ब्राउझर दुसरी खिडकी उघडू देत नाही. कॅमेरा चेहरा पाहतो, माइक आवाज ऐकतो, सुरुवातीला खोली फिरवून दाखवावी लागते. नजर वारंवार वळली किंवा दुसरा आवाज आला की सॉफ्टवेअर खूण करते आणि माणूस ती खूण तपासतो.

केंद्रात खोलीची जबाबदारी संस्थेची असते. घरी ती उमेदवारावर येते. शांत खोली, अखंड वीज, चांगले इंटरनेट ज्याच्याकडे आहे त्याला ही सोय. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात तिथे मागून भावाचा आवाज आला, तर तो घरचा गोंगाट की बाहेरची मदत, हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वकिलांची परवाना परीक्षा ऑनलाइन झाली. सॉफ्टवेअरने सुमारे एक तृतीयांश उमेदवारांवर संशयाची खूण केली. नंतर तपासात बहुतेक जण निर्दोष ठरले. त्याच राज्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रावर आणि घरून अशा दोन्ही प्रकारे परीक्षा ठेवली होती. ती तांत्रिक बिघाडांमुळे इतकी गडबडली की पुढची परीक्षा पुन्हा केंद्रांवरच घ्यावी लागली. ओहायोमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एका संघीय न्यायालयाने सरकारी विद्यापीठाने विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्यातून पाहणे घटनाबाह्य ठरवले. आपल्याकडेही २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालापासून खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. घराचा कोपरा किती दाखवायला लावायचा, हा प्रश्न आपल्यालाही सोडवावाच लागेल.

५. चौथी जागा : निकाल

आपण सगळे लक्ष खोलीवर ठेवतो आणि चौथी जागा विसरतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने एक गुन्हा नोंदवला. आरोप असा की चाळणी परीक्षा उत्तीर्ण न होताच ७३ परदेशी पदवीधरांनी राज्यांच्या वैद्यकीय परिषदांकडे नोंदणी मिळवली. त्यासाठी देशभरात ९१ ठिकाणी झडत्या झाल्या. आरोप खरे धरले तर इथे ना पेपर फुटला, ना डमी उमेदवार बसला, ना कोणी कॉपी केली. परीक्षा मंडळाकडच्या निकालाची नोंदणी देणाऱ्या परिषदेने पडताळणी केली की नाही, एवढाच प्रश्न होता. त्यावर कॅमेरा लावून उपयोग नाही. दोन कार्यालयांनी एकमेकांच्या नोंदी तपासणे हाच उपाय आहे.

६. समारोप

आता त्या मुलीकडे येऊ. केंद्रप्रमुखांनी नियमपुस्तिका काढली. बोट जुळले नाही तर फोटो घ्यावा, ओळखपत्र पुन्हा पाहावे, लेखी हमीपत्र घ्यावे आणि आत सोडावे, असे त्यात दोन ओळींत लिहिले होते. तिने सही केली आणि ती जागेवर जाऊन बसली. यंत्र चुकू शकते, हे नियम लिहिणाऱ्याने आधीच मान्य केले होते. ते वाचून निर्णय घेणारा माणूस समोर हजर होता.

तुमच्यापैकी काही जण उद्या अशा प्रणाली तयार करतील. बोट न जुळल्यास, वीज गेल्यास, खोटा संशय आल्यास काय करायचे, या दोन ओळी पहिल्याच आराखड्यात लिहा. त्या उघडून वाचणारा माणूस कोण, हेही तिथेच नोंदवा.

स्वाध्याय

१. विश्वासाच्या चार जागा सांगा. केंद्रावरच्या आणि घरून दिलेल्या परीक्षेत प्रत्येकीची जबाबदारी कोणावर येते, याचा तक्ता करा.
२. पुस्तक उघडून देण्याच्या परीक्षेत कोणता गैरप्रकार आपोआप संपतो आणि कोणता उरतो?
३. तुमच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा परीक्षा केंद्र झाली, तर यंत्राने नाकारलेल्या उमेदवारासाठी कोणती कार्यपद्धती लिहाल?