घराण्याबाहेरचे शिष्य

क्रेमोनातल्या चर्चच्या दप्तरात 1641 साली निकोलो आमातीच्या घरात राहणाऱ्या माणसांची नोंद झाली. त्यात नात्यातले नसलेले एक नाव आहे: आंद्रेआ ग्वार्नेरी. हा मुलगा निकोलोच्या घरी राहून व्हायोलिन करायला शिकत होता. नोंद एका ओळीची असली तरी व्हायोलिनच्या इतिहासात तिचे मोल फार मोठे आहे. तोवर जवळजवळ शंभर वर्षे ही विद्या आमातींच्या घरातच बापाकडून मुलाकडे जात होती.

क्रेमोना हे इटलीच्या उत्तरेला, पो नदीच्या काठचे शहर. आज व्हायोलिनचे जे रूप जगभर दिसते, ते सोळाव्या शतकात इथल्या आंद्रेआ आमातीच्या हातून पक्के झाले. फ्रान्सचा राजा नववा शार्ल याच्या दरबारासाठी त्याने वाद्ये घडवली. त्यांतले 1566 सालचे एक व्हायोलिन क्रेमोनाच्या संग्रहालयात पाहायला मिळते. पाठीवर राजचिन्हे रंगवलेली आहेत आणि साडेचारशे वर्षांनंतरही त्याची घडण आजच्या व्हायोलिनपेक्षा फारशी वेगळी वाटत नाही. आंद्रेआनंतर त्याचे मुलगे आंतोनिओ आणि जिरोलामो यांनी काम चालवले. जिरोलामोचा मुलगा निकोलो.

मग 1630 सालची प्लेगची साथ आली. तिने उत्तर इटलीतली शहरेच्या शहरे ओस पाडली. जिरोलामो तिच्यात गेला, घरातली आणखी माणसेही गेली. शेजारच्या ब्रेशा शहरात माज्जिनी हा नावाजलेला कारागीर होता, तोही त्याच सुमारास संपला. उरला तिशी ओलांडलेला, अविवाहित निकोलो. वाद्यांना मागणी होती आणि हाताखाली घरचे कुणी नव्हते. त्याने दार उघडले आणि परक्यांची मुले शिकायला घेतली. क्रेमोनाचे खरे वैभव इथून सुरू होते, असे म्हणायला हरकत नाही.

ग्वार्नेरी शिकून बाहेर पडला आणि त्याने आपले घराणे उभे केले. त्याचाच नातू पुढे ‘देल जेझू’ म्हणून गाजला. प्रसिद्ध वादक पागानिनी ज्या व्हायोलिनवर वाजवत राहिला, ते याच नातवाने 1743 साली केलेले. निकोलोचा दुसरा शिष्य रोजेरी ब्रेशाला गेला आणि तिथे पुन्हा हा व्यवसाय रुजला. आंतोनिओ स्त्रादिवारीच्या 1666 सालच्या एका वाद्यातल्या चिठ्ठीवर त्याने स्वतःला निकोलोचा शिष्य म्हटले आहे. तो त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष किती शिकला यावर अभ्यासकांत वाद आहे, पण नमुना आमातींचाच होता यावर नाही. आमाती, ग्वार्नेरी, स्त्रादिवारी ही तिन्ही घरे सान दोमेनिको चर्चच्या आसपास, हाकेच्या अंतरावर होती.

काम कसे चाले, हे स्त्रादिवारीच्या उरलेल्या साच्यांवरून कळते. अक्रोडाच्या लाकडाची पातळ फळी व्हायोलिनच्या आकारात कापलेली, कडेला खाचा, मधे भोके. खाचांत लाकडाचे छोटे ठोकळे बसवायचे, मेपलच्या दीड मिलिमीटरहून पातळ पट्ट्या तापल्या लोखंडावर वाकवून त्यांभोवती सरसाने चिकटवायच्या आणि चौकट तयार झाली की साचा आतून काढून घ्यायचा. पाठ मेपलची, पुढचा तक्ता आल्प्सच्या जंगलातल्या स्प्रूसचा. हा तक्ता कोरत कोरत तीन मिलिमीटरच्या आसपास आणायचा. कुठे थांबायचे हे बोटांनाच कळावे लागते. शेवटी वार्निश. 1708 च्या ऑगस्टमधले स्त्रादिवारीचे एक पत्र शिल्लक आहे. त्यात तो गिऱ्हाइकाकडे उशिराबद्दल क्षमा मागतो, कारण वार्निशला वेळ लागला आणि उन्हाने तडे उघडण्याची भीती होती. ज्याच्या वाद्यांना आज कोट्यवधींची बोली लागते, तो कारागीर उन्हाकडे डोळे लावून बसत होता!

स्त्रादिवारी 1737 मध्ये वारला. पुढच्या दहा वर्षांत त्याचे दोन्ही कारागीर मुलगे, ‘देल जेझू’ आणि कार्लो बेर्गोन्झी हेही गेले. त्यांची जागा घेईल अशी पिढी मागे तयार झालेली नव्हती. स्त्रादिवारीचा धाकटा मुलगा पाओलो कापडाचा व्यापारी होता. त्याने 1775–76 च्या सुमारास वडिलांचे साचे, आराखडे आणि हत्यारे कोझिओ दि सालाबुए या तरुण सरदाराला विकून टाकली. वडिलांची एकही वस्तू क्रेमोनात उरू नये, अशी त्याची इच्छा विक्रीच्या पत्रव्यवहारात दिसते. 1869 मध्ये सान दोमेनिको चर्च पाडले गेले आणि त्यातली स्त्रादिवारीची कबरही गेली.

स्त्रादिवारीच्या गुपिताच्या कथा यानंतरच्या. कुणी म्हणाले वार्निशमध्ये काही जादू होती, कुणी थंडीत हळू वाढलेल्या झाडांचे नाव घेतले. 2009 मध्ये फ्रेंच संशोधकांनी स्त्रादिवारीचे वार्निश तपासले, तर त्यात तेल आणि पाइनची राळ अशी त्या काळी कुठेही मिळणारी द्रव्ये निघाली. 2010 आणि 2012 च्या चाचण्यांत वादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांना जुनी आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. बऱ्याच जणांनी नवी पसंत केली. गुपित वार्निशच्या बाटलीत नव्हतेच. ते गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून शिकण्यात होते, आणि ते शिकणे थांबले तेव्हा क्रेमोना विझले.

ते पुन्हा सुरू करण्याचे श्रेय आधी ज्युसेप्पे फिओरिनी या व्हायोलिनकाराला. 1920 मध्ये त्याने स्त्रादिवारीचे सगळे साहित्य स्वतःच्या पैशाने विकत घेतले. ते साचे पाहून नवे लोक शिकावेत ही त्याची तळमळ होती. 1930 मध्ये त्याने तो ठेवा क्रेमोना शहराला देऊन टाकला. स्त्रादिवारीच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा मोठे प्रदर्शन भरले आणि पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, व्हायोलिन बनवण्याची शाळा उघडली. महायुद्धामुळे सुरुवात रखडली. पुढे साक्कोनी हा व्हायोलिनकार न्यूयॉर्कहून येऊन साच्यांचा अभ्यास करू लागला आणि बिस्सोलोत्ती, मोरास्सी यांच्यासारख्या कारागिरांनी हातात हत्यार देऊन मुले घडवली. मोरास्सी मूळचा फ्रिउलीच्या डोंगराळ भागातला, म्हणजे तोही बाहेरचाच.

2012 मध्ये युनेस्कोने क्रेमोनाच्या या कारागिरीला अमूर्त वारशाचा मान दिला. आज शहरात शंभरावर कार्यशाळा आहेत. शाळेत जपान, कोरिया, चीन, युरोपातले कितीतरी देश अशा ठिकठिकाणची मुले शिकतात. कुणी परत जाऊन आपल्या गावी दुकान थाटतात, कुणी क्रेमोनातच गल्लीत एखादी खोली घेऊन खिडकीशी बाक मांडतात. एक व्हायोलिन पुरे व्हायला दोन-तीन महिने लागतात, आणि वार्निश वाळायला अजूनही उजेड लागतो.