झाडावरचे वर्धमान आणि आमच्या हॉलमधली शिडी



मे महिना लागला की आमच्याकडे नातवंडं येतात. नातू साडेसहा वर्षांचा, नात चार वर्षांची. मुलगा-सून दोघंही नोकरीवर, म्हणून महिनाभर मुलं माझ्याकडेच असतात. गेल्या वर्षीची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती आज सांगते.

संध्याकाळचं सामायिक माझं सहसा चुकत नाही. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. तेवढा वेळ मुलं शांत बसावीत म्हणून मी आसन घालायच्या आधी नातवाच्या हातात मोबाइल द्यायचे. घर कसं चिडीचूप व्हायचं! एक दिवस पाहुणे आले आणि सामायिकाला उशीर झाला. नातू पदराला धरून म्हणाला, "आज्जी, आज सामायिक नाही का करायचं? मला मोबाइल पाहिजे."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. सामायिक समता शिकण्यासाठी करायचं, आणि ती शांतता मी मोबाइल देऊन विकत घेत होते. नातवाच्या लेखी सामायिक म्हणजे मोबाइल मिळायची वेळ.

"मग बाहेर सोडायचं खेळायला," असं तुम्ही म्हणाल. उन्हाळ्यात दुपारी ऊन, खाली गाड्यांची ये-जा. पावसाळ्यात तर आपल्या घरांत मुलांना हिरव्या गवतावर, ओल्या मातीत धुडगूस घालू देत नाहीत, जीवांची विराधना होते म्हणून. म्हणजे वर्षातले कितीतरी दिवस मूल घरातच असणार. आणि घरात चढायला गेलं की आपण सगळ्याजणी एका सुरात ओरडतो, "उतर खाली, पडशील!"

हे "उतर खाली" आपल्याकडे कधीपासून आलं, याचा मी त्या सुट्टीत जरा शोध घेतला. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. बालवर्धमानांची कथा तुम्हा सर्वांना पाठ आहे. पाठशाळेत आपण ती सापासाठी सांगतो. इंद्रसभेत वर्धमानांच्या धैर्याची स्तुती झाली, संगमदेव परीक्षा घ्यायला आला, भयंकर सर्प होऊन झाडाच्या बुंध्याला वेढा घालून बसला. सवंगडी फांद्यांवरून उड्या टाकून पळाले, वर्धमान मात्र घाबरले नाहीत, आणि पुढे त्यांचं नाव महावीर पडलं. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात ही कथा येते. श्वेतांबर परंपरेत हिलाच आमलकी क्रीडा म्हणतात. तिथं वर्धमान साप हातानं उचलून बाजूला टाकतात. तपशील वेगळे, पण झाड दोन्हीकडे आहे.

इतकी वर्षं कथा सांगताना एक प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. साप आला तेव्हा ही राजघराण्यातली मुलं झाडावर काय करत होती? चढाओढीनं झाडावर चढायचा खेळ खेळत होती! पुराणकथेला मी इतिहासाचा पुरावा म्हणत नाही. पण ज्यांनी ती लिहिली, त्यांना राजकुमारानं झाडावर चढणं वावगं वाटलं नाही, एवढं तर खरं. मी ऐकलेल्या कथेत त्रिशलामाता खिडकीतून "उतर खाली" म्हणून ओरडत नाहीत.

आता लिहिलेल्या इतिहासाकडे येऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे बिदरजवळचं आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूरपासून फार लांब नाही. त्यात मल्लांच्या करमणुकीच्या भागात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. कुस्तीच्या तयारीसाठी मल्लांनी खांबावर कसरत करायची. चढण्याचा खेळ झाडावरून खांबावर आला, तो असा.

पुढे कित्येक शतकं या खांबाची फारशी वार्ता नाही. त्याला पुन्हा उभं केलं ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी. कथा अशी सांगतात की निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारलं, काही दिवसांची मुदत मागून घेतली, सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन साधना केली, आणि खांबावरच्या कसरतीतून नवे डाव बसवून सामना जिंकला. १८१८ मध्ये पेशवाई गेली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, आणि त्यांच्याबरोबर मल्लखांबही गेला. लहानपणी तिथं राहिलेल्या मनूनं, म्हणजे पुढच्या झाशीच्या राणीनं, मुलग्यांबरोबर मल्लखांब केल्याचं सांगतात.

मल्लखांबाची एक गोष्ट मला फार आवडली. सागाच्या किंवा शिसवीच्या गुळगुळीत खांबाला एरंडेल चोपडतात, आणि त्याला हातापायांनी विळखा घालून वर जायचं. पाऊस असो वा ऊन, तालमीच्या चार भिंतींत हे चालू शकतं. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे तालीम नाही असं गाव सापडायचं नाही. पण आमच्या पिढीच्या किती मुलींनी तालमीचा उंबरा ओलांडला? पूर्वी वेताचा मल्लखांब असे, त्याच्या जागी सुती दोर आला, आणि या दोरीच्या मल्लखांबावर पुढे मुली झपाट्यानं वर गेल्या. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत परदेशी मुलीही होत्या. आम्हाला मात्र लहानपणी "पोरीच्या जातीनं असं चढू नये" एवढंच ऐकवलं गेलं.

आता जरा लांबची गोष्ट. शाळेच्या पटांगणात लोखंडी पाइपांचा चौकोनी सांगाडा असतो ना, ज्याला जंगल जिम म्हणतात? तो मूळचा घरगुती आहे म्हटलं तर पटेल? चार्ल्स हॉवर्ड हिंटन नावाचे एक इंग्रज गणिती होते. जपानमध्ये राहत असताना त्यांनी आपल्या मुलांसाठी बांबूची एक मोठी चौकट बांधली. हेतू खेळाचा नव्हता, भूमितीचा होता. लांबी, रुंदी, उंची या तीन दिशा अंगात मुरल्या तर मुलांना चौथ्या मितीची कल्पनाही करता येईल, असं त्यांना वाटे. ते आकडे पुकारायचे आणि मुलांनी चढत-उतरत त्या नेमक्या जागी पोचायचं.

मुलांना चौथी मिती काही कळली नाही, चढण्यातली मजा मात्र लक्षात राहिली. त्यांतला एक, सेबास्टियन, पुढे अमेरिकेत पेटंटचा वकील झाला. शिकागोजवळच्या विनेट्का गावच्या शाळाप्रमुखांना त्यानं एकदा ही बांबूची आठवण सांगितली, आणि त्यांनी ती उचलूनच धरली. १९२० मध्ये सेबास्टियननं पेटंटसाठी अर्ज केला, १९२३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी तो वारला. जगभरच्या शाळांत आपला सांगाडा पोचलेला त्यानं पाहिला नाही. सुरुवातीच्या सांगाड्यांपैकी एक विनेट्कात आजही जपून ठेवला आहे. त्याची पत्नी कार्मेलिटा स्वतः शिक्षिका होती. पदरी तीन मुलं असताना तिनं उमेद सोडली नाही, आणि १९३५ मध्ये पटनी नावाची शाळा काढली, जिथं मुलं अभ्यासाबरोबर शेतावरही काम करत.

आणखी एक गंमत. सेबास्टियनची आजी मेरी एव्हरेस्ट बूल, आणि तिचे काका जॉर्ज एव्हरेस्ट, हिंदुस्थानचे सर्व्हेयर जनरल. त्यांचंच नाव त्या शिखराला दिलेलं आहे. चढण्याचा वारसा म्हणावा तो असा!

तिसरी गोष्ट एका डॉक्टरीणबाईंची. एमी पिकलर, हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ. त्यांचं वैद्यकीय शिक्षण व्हिएन्नात झालं. तिथं एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली: रस्त्यावर खेळणाऱ्या, झाडांवर चढणाऱ्या कामगारांच्या मुलांची हाडं कमी मोडत, आणि ज्यांना सारखं जपलं जाई त्या सुखवस्तू घरांतल्या मुलांची जास्त. ज्या मुलाला पडायचं कसं हे ठाऊक असतं, ते कमी लागवून घेतं. १९४६ मध्ये, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, त्यांनी बुडापेस्टमध्ये पोरक्या बाळांसाठी घर सुरू केलं. आज पिकलर त्रिकोण म्हणून जी लाकडी घडवंचीसारखी शिडी विकत मिळते, ती त्यांच्याच कामातून आलेली. त्यांचा नियम साधा होता. मूल स्वतःहून जिथं पोचू शकत नाही, तिथं त्याला उचलून ठेवू नका. जिथं ते आपण होऊन चढतं, तिथून उतरायलाही ते शिकतं.

हे वाचून मी माझ्या धाकट्या भावाला फोन केला. कारण आमच्या घरात "उतर खाली" सुरू झालं ते त्याच्यामुळे. तो आठ वर्षांचा असताना माळ्याच्या शिडीवरून पडला, हात मोडला. दादांनी दुसऱ्याच दिवशी शिडी गोठ्यात नेऊन टाकली, आणि त्यानंतर आम्हा भावंडांत कुणी साधं खुर्चीवर चढलं नाही. ती भीती मी मुलाला दिली, आता नातवंडांना देत होते. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, मी चढताना नाही पडलो. मी वर नीट होतो. आई खालून जोरात ओरडली, मी दचकलो आणि हात सुटला." पन्नास वर्षं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आई होती तोवर तिला वाईट वाटू नये म्हणून.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

यंदा मुलं यायच्या आधी मी सुताराला बोलावलं. दोन छोट्या शिड्या वर बिजागरीनं जोडून घेतल्या, माझ्या कमरेइतक्या उंच, खाली दोन्ही बाजूंनी सरकू नयेत म्हणून साखळी. पायऱ्या घासून गुळगुळीत केल्या. खाली जुन्या कापसाच्या गाद्या. उंच कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पक्की ठोकून घेतली, कारण मूल चढायला लागलं की सगळीकडेच चढतं. खिडकी आणि गॅलरीजवळ चढण्यासारखं काही ठेवलं नाही. गळ्यात ओढणी किंवा दोरी घालून चढायचं नाही, आणि मोठं माणूस खोलीत असल्याशिवाय चढायचंच नाही, हे दोन नियम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच वर्षांवरच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीचा खेळ खेळावा, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा बघणं दिवसाला तासापेक्षा जास्त नको. आमच्याकडे मोबाइल पुरता गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. जेवण सूर्यास्ताआधी उरकलं की मग अर्धा तास मिळतो. पण सामायिकाच्या वेळी मिळत नाही.

पहिला आठवडा कठीण गेला. मी आसनावर, आणि चार हातांवर धप्प, धप्प. प्रत्येक आवाजाला डोळे उघडायचे. मोबाइलनं आणलेली शांतता किती सोपी होती, ते तेव्हा कळलं.

मग एका संध्याकाळी नात पहिल्यांदा अगदी वरच्या पायरीवर पोचली. खाली बघितलं आणि रडवेली झाली. "आज्जी, मला उतरव." माझ्या तोंडाशी तेच शब्द आले होते. मी आसनावरून उठले नाही, ओरडलेही नाही. नजर मात्र तिच्यावर होती, आणि हात पुढं करायला किती वेळ लागेल याचा हिशेबही मनात चालू होता. नातू शिडीपाशी गेला आणि म्हणाला, "घट्ट धर. आता एक पाय खाली टाक. आता दुसरा." ती उतरली. गादीवर बसली, हात झटकले, आणि परत चढायला लागली.

सामायिक संपल्यावर मी भावाला फोन केला. म्हटलं, "अरे, आज मी ओरडले नाही."