खाजकुइली आणि कंपवात

पन्हाळा-राधानगरीच्या रानात हिंडलेल्या कोल्हापूरकराला खाजकुइलीची ओळख करून देण्याची गरज नाही. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की भला माणूसही नाचू लागतो. हातपाय थरथरणाऱ्या, पावले अडखळविणाऱ्या कंपवाताशी या वेलीचा संबंध कसा जुळला, तो इतिहास मोठा आडवळणाचा आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या रोगावर एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात रुग्ण सहाच, त्यांतलेही काही नुसते रस्त्यात पाहिलेले. पण वर्णन इतके नेमके की पुढे रोगाला त्याचेच नाव मिळाले. आपल्या चरकसंहितेत वातविकारांच्या यादीत ‘वेपथु’ म्हणजे कंप येतो हे खरे. परंतु तेवढ्या एका शब्दावरून ‘आमच्याकडे सारे होतेच’ असे म्हणणे मला रुचत नाही.

१९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांतून ‘डोपा’ हे द्रव्य वेगळे काढले. कंपवातावर ते उपयोगी पडेल, हे तेव्हा जगात कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

मग दुसरीच एक वनस्पती मध्ये आली. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकातून मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून ‘रेसर्पीन’ निघाले. ते घेणाऱ्या काही रुग्णांचे अंग कंपवात झाल्यासारखे ताठू लागले. स्वीडनच्या कार्लसनने १९५७ साली तेच औषध सशांना दिले. ससे निपचित पडले. डोपा टोचताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले! एका वनस्पतीतल्या द्रव्याने घातलेले कुलूप दुसरीत सापडणाऱ्या द्रव्याने उघडले. डोपापासून शरीरात डोपामिन तयार होते. कंपवाताने मरण पावलेल्यांच्या मेंदूत नेमके तेच फार कमी असल्याचे व्हिएन्नाच्या हॉर्नीकिविक्झने १९६० साली दाखविले. १९६७ साली अमेरिकेत कॉट्झियासने डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेली, आणि वर्षानुवर्षे जखडलेली माणसे चालू लागली.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुइलीचे बी रुग्णांना देऊन पाहिले; त्याचा वृत्तांत १९७८ साली प्रसिद्ध झाला. मद्रासची बी आणि मुंबईचा रुग्ण यांची भेट व्हायला एक्केचाळीस वर्षे गेली! २००४ साली लंडनच्या एका चाचणीत तीस ग्रॅम चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळ्यांहून लवकर आला. रुग्ण आठच होते. एवढ्यावर दुंदुभी वाजवू नये.

बियांमध्ये डोपाचे प्रमाण सारखे नसते. गोळ्या चालू असताना मेंदूविकारतज्ज्ञाला न सांगता कोणी चूर्णही घेऊ लागला, तर एकच द्रव्य दोन वाटांनी पोटात जाते, आणि थरथर थांबलेले हातपाय वेडेवाकडे वळू लागतात.