काळाची भांडीकुंडी

घटका म्हणजे छोटा घट. पळ हे मुळात वजन. तास हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ वाडगा. मराठी माणूस वेळ सांगतो तेव्हा बोलतो भांड्यांविषयी आणि मापांविषयी, आणि त्याचे कारण पाणी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेळ मोजण्याची जी युक्ती आहे ती गळक्या घड्याची. चार मासे सोन्याची चार अंगुळे लांब तार ओढायची, तिच्या जाडीचे छिद्र घड्याला ठेवायचे. त्यातून एक आढक पाणी गळेल तेवढा काळ म्हणजे एक नालिका. हीच आपली घटका, आजची 24 मिनिटे. सोन्याचा हा आग्रह श्रीमंती मिरवण्यासाठी नव्हता. इतके बारीक छिद्र पट्टीने मोजणार कसे? पण सोनाराकडे काटा होता. वजन ठरले, लांबी ठरली, की तारेची जाडी आपोआप ठरते. कुठल्याही गावचा सोनार तीच तार पुन्हा ओढू शकतो. मला तर त्या सगळ्या यंत्रात ही तारच सर्वांत हुशार वाटते. पळही याच पाणी तोलण्याच्या व्यवहारातून काळाच्या हिशेबात शिरले. संस्कृतात त्याला ‘पानीयपल’ असेच नाव आहे. साठ पळांची घटका, साठ घटकांचा अहोरात्र. म्हणून अडीच पळे म्हणजे एक मिनिट आणि अडीच घटका म्हणजे एक तास.

गळक्या घड्यात मात्र एक खोट होती. पाणी उतरते तसा दाब कमी होतो आणि धार मंदावते. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास युक्ती उलटी झाली: पाणी बाहेर सोडण्याऐवजी आत घ्यायचे. तळाला छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. वाटी उचलायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. सूर्यसिद्धान्त सांगतो की ती अहोरात्रात साठ वेळा बुडाली पाहिजे, आणि पाणी स्वच्छ हवे. ही दुसरी अट साधी दिसते, पण कचऱ्याचा एक कण छिद्रात अडकला की वेळच थांबते.

पुढच्या ज्योतिष्यांनी वाटीचीही मापे ठरवून टाकली: दहा पळे तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे तोंड, आणि छिद्रासाठी पुन्हा सोन्याची सळई. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या सिद्धान्तशिरोमणीत हे सगळे बाजूला सारले. असली मापे युक्तीला धरून नाहीत आणि साधायलाही अवघड, असे त्यांचे म्हणणे. वाटी कशीही घडवा, दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि भागाकार करा, झाले तिचे माप तयार. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. तेव्हा हा भागाकार खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी नक्कीच गिरवला असणार.

याच भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: तिच्या वस्त्रातला मोती वाटीत पडला, छिद्र बुजले आणि लग्नाचा मुहूर्त टळला. ती भास्कराचार्यांनी सांगितलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये ‘लीलावती’ ग्रंथाचा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. खरी असो नसो, रचणाऱ्याला वाटीचे दुखणे मात्र नेमके माहीत होते.

वाटी मुकी असते. ती बुडाली हे गावाला कळवायला काहीतरी बडवावे लागे. नालंदेच्या विहारात त्यासाठी ढोल आणि शंख असल्याचे चिनी यात्रेकरू इत्सिंगने लिहून ठेवले आहे. पुढे टांगलेली धातूची जाड थाळी आली. फिरोजशहा तुघलकाने दिल्लीत बसवलेल्या अशा यंत्राचे नाव होते ‘तास-इ-घडियाल’; आपले तास आणि घड्याळ हे दोन्ही शब्द त्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत. घडियाल ही त्या थाळीची ओळख, आणि तिच्यावर ठोके देणारा तो घडियाली. बाबराने आपल्या आठवणींत या लोकांचे तपशीलवार वर्णन केले आहे, आणि एक तक्रारही. रात्री जाग आली आणि घटकेचे ठोके कानावर पडले, तरी प्रहर कोणता ते कळत नसे. म्हणून घटकेपाठोपाठ प्रहराचेही ठोके द्यायचा त्याने हुकूम काढला.

आपल्याकडे लग्नात जोशीबुवा घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत, ते मुहूर्तासाठी. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या वाटीचा, पण तो लग्नाऐवजी मरणाला जाऊन चिकटला. पंचांगात तिथीपुढे घटी-पळे अजून छापली जातात, वाचणारे थोडे.

तासाचे नशीब वेगळे निघाले. थाळीचे नाव ठोक्याला मिळाले आणि ठोक्याचे दोन ठोक्यांमधल्या वेळाला. विलायती घड्याळे आली तेव्हा थाळीवर साठ मिनिटांचे टोल पडू लागले आणि तास तेवढ्यावर स्थिरावला. शाळा मात्र जुन्याच अर्थाला धरून आहे. तिथे टोल पडला की तास संपतो, मग गणिताचा तास पस्तीस मिनिटांचा का असेना.