धूळपाटी ते टॅब : फावल्या वेळाच्या दोन यंत्रांची कुळकथा

१/ फावल्या वेळात चित्रपट पाहण्यासाठी, वाचण्यासाठी, खेळण्यासाठी टॅब घ्यावा की संगणक? शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावीही हा प्रश्न आता नित्याचा झाला आहे. किंमत आणि बॅटरी यांपलीकडे त्याला इतिहासही आहे. या दोन यंत्रांची कुळेच निराळी आहेत.

२/ संगणकाचे कूळ कचेरीचे. मेज, खुर्ची आणि टंकलेखन यंत्राकडून आलेला कळफलक. त्यावर भारतीय लिप्या बसवण्यासाठी १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ ही प्रमाण मांडणी ठरली; पण ती मुद्दाम शिकावी लागे. २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत पोहोचले. अनेक तरुणांना संगणक प्रथम भेटला तो नोकरीच्या प्रमाणपत्रासाठी. विरंगुळा मागाहून आला.

३/ टॅबचे कूळ पाटीचे. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून मुले बोटाने वा काडीने अक्षरे गिरवीत. ती धूळपाटी. लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. तिला मेज लागत नसे.

४/ १९७२ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात ॲलन के यांनी मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली : ‘डायनाबुक’. त्यांच्या निबंधात नऊ वर्षांची दोन मुले बागेतील हिरवळीवर लोळत अंतराळयुद्धाचा खेळ खेळतात. खेळात सूर्य आणि त्याचे गुरुत्वाकर्षणच नाही हे त्यांना खटकते आणि ती तो खेळच बदलू पाहतात. के यांना अभिप्रेत असलेला विरंगुळा हा असा होता.

५/ ३ एप्रिल २०१० रोजी आयपॅड विक्रीस आला. आकार डायनाबुकच्या जवळचा, वृत्ती मात्र वेगळी. त्याच महिन्यात, मुलांनी ‘स्क्रॅच’मध्ये रचलेले खेळ आयफोनवर दाखवणारे ॲप ॲपलने आपल्या दुकानातून काढून टाकले. परक्या प्रोग्रॅमना चालवणारी ॲप तेव्हाच्या नियमांत बसत नव्हती. पाटी हातात आली. खेळ मोडून पुन्हा रचण्याची मुभा मात्र आली नाही.

६/ म्हणून टॅब केवळ पाहण्याचे आणि संगणक निर्मितीचे यंत्र, असे म्हणावे काय? तेही पुरते खरे नाही. कळफलक न शिकलेला माणूस काचेवर बोटाने देवनागरी अक्षर काढतो आणि ते छापील होऊन उमटते. अहिराणीतली एखादी आठवण आजीच्या तोंडून ऐकून तिथेच ध्वनिमुद्रित करता येते. कळफलकाने अडवलेली वाट पाटीने मोकळी केली.

७/ तात्पर्य एवढेच. लोळून वाचायला, पाहायला, लिहिते व्हायला टॅब सोयीचा. दीर्घ लेखनाला आणि खेळाचे नियमच बदलायला संगणक अजूनही उजवा. निवड करताना एक प्रश्न विचारावा : या यंत्रावर मला फक्त खेळायचे आहे, की खेळ बदलायचाही आहे? धूळपाटीवर पुसणे आणि लिहिणे दोन्ही मुलाच्याच हाती असे.